बेसॉल्ट आणि जांभा: जन्म कसा शोधायचा, वर्ग कसा ठरवायचा

महाराष्ट्रात दगडाची चौकशी बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन थांबते. देशावरचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आणि कोकणातला जांभा. दोन्ही भिंतींत दिसतात, दोन्ही पाठ्यपुस्तकांत असतात, आणि दोन्हींची वर्गवारी करताना एकच चूक होते: दोघांना एकाच मापाने मोजले जाते.

बेसॉल्ट हा आलेला खडक आहे. तो वितळलेल्या रूपात जमिनीखालून वर आला आणि गोठला. जांभा हा उरलेला खडक आहे. आधीच्या कुठल्यातरी खडकातून पावसाच्या पाण्याने सिलिका, चुना, सोडा, मॅग्नेशियम धुऊन नेले आणि मागे लोह व अॅल्युमिनियम राहिले. म्हणून बेसॉल्टबाबत ‘काय गोठले आणि कसे’ हे विचारायचे, तर जांभ्याबाबत ‘कशातून, काय आणि किती निघून गेले’ हे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांची उत्तरे काढण्यासाठी आहेत.

दोन जन्मकथा

दख्खनच्या पठाराचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. एकाच डोंगराच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. आज उरलेले क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंच शिखर याच थरांचे. पूर्वेकडे जाडी कमी होत जाते. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर घेतलेल्या विंधन छिद्रात बेसॉल्ट ३३८ मीटरवर संपला. पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या या डोंगरांमुळे त्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ जिना.

हा लाव्हा सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअसचा असतो. हवेत आला की लवकर निवतो, स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही, म्हणून खडक बारीक कणांचा होतो. तोच शिलारस भेगेत अडकून सावकाश निवला तर कण मोठे होतात आणि नाव डोलेराइट पडते; खोलवर, अगदी सावकाश निवला तर गॅब्रो. तिन्हींचे रसायन जवळजवळ सारखेच, फरक फक्त निवण्याच्या वेळेचा.

जांभ्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. त्याला शास्त्रीय नाव दिले ते फ्रान्सिस ब्यूकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने. मलबारमधल्या अंगाडीपुरम येथे त्याने लोकांना हा दगड लोखंडी हत्याराने जमिनीतून कापून काढताना पाहिले. कापताना मऊ असलेला दगड उघड्यावर राहून घट्ट होतो, हे त्याने नोंदवले आणि लॅटिन ‘लेटर’, म्हणजे वीट, यावरून ‘लॅटेराइट’ हे नाव १८०७ च्या ग्रंथात छापले. त्या गावात आज राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे.

हे घडते कसे? मोसमी पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी खडकात मुरते. बेसॉल्टमधले ऑलिव्हिन आधी कुजते, मग पायरॉक्सीन, मग प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळून जातात. सिलिकाही हळूहळू जाते. अॅल्युमिनियम जवळजवळ हलत नाही. ते आधी केओलिनाइट या पांढऱ्या मातीत बांधले जाते आणि धुणे फार काळ चालले तर गिब्साइट या सिलिका नसलेल्या खनिजामध्ये. लोहाचे वागणे मात्र दुहेरी आहे. भूजलाखाली, प्राणवायू नसताना ते विरघळते आणि सरकते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, हवा आत शिरली की ते गोथाइट आणि हेमाटाइट या लोहखनिजांच्या रूपात अडकून बसते. दरवर्षी पाण्याची पातळी वर-खाली होत राहिली की लोहाचे जाळे विणले जाते आणि मधली माती त्यात कोंडली जाते. त्यामुळे जांभ्याला नुसता पाऊस पुरत नाही. पावसाळा आणि कोरडा काळ यांचा फेरा हवा, निचरा हवा, आणि झीज फार वेगाने होणार नाही अशी सपाट जागा हवी. कोकणातले सडे, म्हणजे जांभ्याचे उघडे माळ, सपाट असतात यामागे हेही एक कारण आहे.

‘मग जांभा अग्निजन्य, गाळाचा की रूपांतरित?’ हा परीक्षेतला आवडता प्रश्न. प्रामाणिक उत्तर असे की तो विदारणातून तयार झालेला अवशिष्ट खडक आहे. काही वर्गीकरणांत त्याला गाळाच्या खडकांच्या कोपऱ्यात जागा देतात, मृदाशास्त्रज्ञ त्याला मातीच्या थरांत मोजतात. रूपांतरित तो नक्कीच नाही, कारण रूपांतरणाला लागणारी उष्णता आणि दाब इथे नसतात.

सोबत काय घ्यावे

सुमारे एक किलोचा भूशास्त्रीय हातोडा, डोळ्यांना चष्मा, दहापट भिंग, पोलादी चाकू, लोहचुंबक, झिलई नसलेली पांढरी फरशी (साध्या टाइलची मागची बाजू चालते), सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची लहान बाटली, पाणी, वही आणि पिशव्या. घरी वजनकाटा आणि बादली. आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात घालायचे, पाणी आम्लात नाही.

किल्ले, लेणी, कातळशिल्पे, कासचे पठार आणि राखीव वनात हातोडा बाहेर काढू नये. रस्त्याच्या कडेला पडलेले तुकडे आणि मालकाच्या परवानगीने खाणीतले तुकडे पुरेसे होतात.

पायरी १: आधी जागा वाचा, मग दगड

हातातल्या तुकड्यापेक्षा डोंगराचा छेद जास्त सांगतो. वाईहून पसरणी घाटाने पाचगणीच्या टेबललँडकडे जाणारा रस्ता यासाठी उत्तम. खालून वर बेसॉल्टचे प्रवाह एकावर एक दिसतात, आणि सुमारे १,३०० मीटर उंचीवर माथ्याला उभ्या कड्याची जांभ्याची टोपी लागते. तुमच्या भागात असा घाट नसेल तर नवी विहीर, रस्त्याची कापणी किंवा चिरेखाण शोधा.

छेद खालून वर काढा. जांभ्याखाली साधारण असा क्रम मिळतो: ताजा काळा खडक, मग भेगांपासून आत कुजलेला, मधे गोल गाभे राहिलेला भाग, मग मूळ पोत ओळखू येतो पण बोटाने चुरडतो असा मऊ थर, मग पांढरी, पिवळी, जांभळट चट्टेपट्टे असलेली चिकण माती, त्यावर चिरा काढण्याजोगा जांभा, आणि सर्वांत वर टणक कवच, म्हणजे कोकणातला कातळ. प्रत्येक थराची जाडी टेपने मोजा. फोटोत मापासाठी हातोडा ठेवा.

इथे सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे सीमा. जांभ्याकडून मूळ खडकाकडे बदल सावकाश होत असेल तर जांभा जागेवरच तयार झाला, तो प्राथमिक. सीमा चाकूने कापल्यासारखी असेल, आत वेगवेगळ्या रंगांचे आणि गोलावलेले तुकडे लोहाने चिकटवलेले दिसत असतील, तर जुन्या जांभ्याचे तुकडे वाहून येऊन पुन्हा जोडले गेले आहेत; तो दुय्यम. हा फरक बहुतेक नोंदींत सुटतो, आणि नंतर प्रयोगशाळेचे कितीही आकडे आले तरी भरून निघत नाही.

बेसॉल्टच्या छेदात वेगळे पाहायचे. प्रवाहाच्या तळाशी बारीक नळ्यांसारखी छिद्रे असतात, मधला भाग घट्ट आणि भेगाळलेला, माथा छिद्राळ. एका प्रवाहाचा माथा आणि दुसऱ्याचा तळ यांच्यामध्ये कधी तांबडा मातकट पट्टा येतो. त्याच्याकडे पुढे पुन्हा येऊ.

पायरी २: ताजी बाजू काढा

कुठल्याही खडकाचे कातडे खोटे बोलते. बेसॉल्ट बाहेरून तपकिरी, तांबूस, कधी पिवळा दिसतो. तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. दोन-तीन फटके मारून आतला पृष्ठभाग काढा. बेसॉल्ट असेल तर करडा ते काळा, बारीक, जड, आणि घण मारल्यावर खणखणीत आवाज देणारा. जांभ्यात आतही लाल, पिवळा, तपकिरी असा मिश्र रंग, मधे फिकट मातीचे कप्पे, आणि आवाज बोदा.

पायरी ३: भिंगाखाली छिद्रे आणि कण

छिद्रे दोघांतही असतात, म्हणूनच नवखा माणूस इथे अडखळतो. बेसॉल्टची छिद्रे वायूचे बुडबुडे आहेत: गोल किंवा लंबगोल, भिंती गुळगुळीत, बऱ्याचदा एका दिशेने ओढलेली. नंतर त्यांत खनिजे भरली तर कुहरी बेसॉल्ट म्हणतात. भरलेली खनिजे बहुधा झिओलाइट, क्वार्ट्‌झ, कॅल्साइट किंवा हिरवट माती. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट याच पोकळ्यांत सापडतो आणि जगभरचे संग्राहक त्याच्या मागे असतात.

जांभ्याची छिद्रे वेगळी. ती वेडीवाकडी, एकमेकांना जोडलेली, किड्याने कोरल्यासारखी. भिंतींवर लोहाचा गुळगुळीत लेप आणि आत पांढरी-पिवळी माती. पाऊस लागल्यावर माती धुऊन जाते, म्हणून जुन्या चिऱ्यात पोकळ्या मोठ्या दिसतात.

कण पाहताना बेसॉल्टमध्ये प्लॅजिओक्लेजच्या बारीक चकचकीत काड्या दिसतात का ते बघा. काड्या नखाएवढ्या लांब असतील तर तो मोठ्या फेल्डस्पारचा प्रवाह आहे. सह्याद्रीत असे प्रवाह ठरावीक पातळ्यांवर येतात आणि थर जुळवायला उपयोगी पडतात, म्हणून ते नोंदवाच. जांभ्यात मूळ खनिज शोधत बसू नका. क्वार्ट्‌झसारखे न कुजणारे कण सोडले तर काही उरलेले नसते. मात्र क्वार्ट्‌झचे कण भरपूर दिसले तर सावध व्हा. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झ असलाच तर पोकळ्यांत थोडासा, त्यातून इतके कण येत नाहीत, तेव्हा मूळ खडक दुसराच असणार.

पायरी ४: कस, चाकू, चुंबक, आम्ल

फरशीवर घासल्यावर जांभा तांबडी किंवा पिवळट तपकिरी रेघ देतो: तांबडी हेमाटाइटची, पिवळट गोथाइटची. ताजा बेसॉल्ट करडी, फिकट रेघ देतो किंवा फरशीलाच ओरखडा पाडतो. मोहस्‌च्या एक ते दहा या मापावर चाकूची कठीणता साडेपाचच्या आसपास, बेसॉल्टमधल्या खनिजांची साडेपाच ते सहा, त्यामुळे चाकू जेमतेम चालतो. ताज्या खाणीतला जांभा सहज कोरला जातो, पण वर्षानुवर्षे उघडा पडलेला कातळ चाकूला दाद देत नाही. म्हणून कठीणता लिहिताना तुकडा ताजा की जुना हे सोबत लिहा.

चुंबकावर फार विसंबू नका. बेसॉल्टचा चुरा टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटमुळे चिकटतो, आणि काही जांभ्यांत मॅग्हेमाइट हे चुंबकीय लोहखनिज असल्याने तोही चिकटतो. या कसोटीवर दोघांना वेगळे करता येत नाही. उलट बेसॉल्टच्या कड्यावर होकायंत्र टेकवून दिशा घेतली तर सुई भरकटते; वाचन दगडापासून दूर उभे राहून घ्या.

आम्लाचा थेंब टाकल्यावर दोघेही गप्प राहायला हवेत. बेसॉल्टवर फसफस झाली तर पोकळीत कॅल्साइट भरलेला आहे. त्यावरून खडकाला चुनखडक म्हणू नये.

पायरी ५: पाणी शोषण आणि घनता

घरबसल्या होणारी ही सर्वांत भरवशाची चाचणी. एक ते दीड किलोचा, सैल कण झटकलेला तुकडा घ्या. १०५ ते ११० अंशांवर २४ तास सुकवून वजन करा, हे ‘क’. साध्या पाण्यात २४ तास बुडवा, ओल्या कापडाने फक्त पृष्ठभागावरचे पाणी टिपा आणि वजन करा, हे ‘ख’. मग दोरीने काट्याला टांगून पाण्यात बुडलेल्या अवस्थेत वजन घ्या, हे ‘ग’.

पाणी शोषण म्हणजे ‘ख’ वजा ‘क’, भागिले ‘क’, गुणिले १००. स्थूल घनता म्हणजे ‘क’ भागिले (‘ख’ वजा ‘ग’).

समजा जांभ्याचे ‘क’ १,२०० ग्रॅम, ‘ख’ १,२९६ आणि ‘ग’ ७२० आले. शोषण ८ टक्के, घनता सुमारे २.०८. घट्ट बेसॉल्टचे शोषण एक टक्क्याच्या खाली आणि घनता २.८ ते ३.० च्या दरम्यान येते. कुहरी बेसॉल्ट मध्ये कुठेतरी बसतो, म्हणून एकट्या घनतेवरून निकाल देऊ नये.

चुका कुठे होतात? तुकडा बुडवल्यावर बुडबुडे थांबायच्या आत वजन घेतले तर शोषण कमी येते. कापडाने जोरात पुसले तर उघड्या छिद्रांतलेही पाणी निघते. आणि जांभ्याची माती पाण्यात सुटून गेली तर ‘ख’ खोटा येतो; बादलीच्या तळाचा गाळ वाळवून त्याचे वजन धरा, नाहीतर दुसरा तुकडा घ्या.

बांधकामासाठी हा आकडा थेट कामाचा आहे. जांभ्याच्या चिऱ्यांसाठीच्या भारतीय मानक ३६२० मध्ये पाणी शोषण १२ टक्क्यांच्या आत आणि दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर मागितली आहे. घट्ट बेसॉल्टची दाबशक्ती १०० च्या वर सहज जाते. पण यावरून जांभा कमी प्रतीचा ठरत नाही. तो करवतीने कापता येतो आणि साध्या घराच्या भिंतीवर तेवढा दाबही येत नाही. त्याचा शत्रू वजन नसून पाणी आहे. जुन्या गोव्यातले बॉम जेझू बॅसिलिका हे याचे उघडे उदाहरण. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या जांभ्याच्या इमारतीचा चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि तेव्हापासून उघडा जांभा पावसाने झिजतो आहे. त्याच इमारतीच्या दर्शनी भागातले कोरीव काम वसईकडून आणलेल्या बेसॉल्टचे आहे. बारीक कोरीवकामाला जांभा चालत नाही हे तेव्हाच्या पाथरवटांना ठाऊक होते.

पायरी ६: बेसॉल्टचा वर्ग

बेसॉल्टला चार कप्प्यांत बसवायचे, आणि चारही कप्पे स्वतंत्र आहेत.

पहिला, पोत: घट्ट, स्फटिकयुक्त, छिद्राळ की कुहरी. विहीर खणणारे मऊ, झिओलाइटयुक्त खडकाला मांजऱ्या म्हणतात. हा शब्द वहीत लिहायला लाजू नका, तो पोताविषयी बरेच सांगतो.

दुसरा, प्रवाहाचा प्रकार. पाहोएहोए प्रवाहाचा पृष्ठभाग गुळगुळीत, दोरखंडासारखा सुरकुतलेला. तो लहान लहान लोळांनी पुढे सरकतो. आ प्रवाहाच्या माथ्यावर खडबडीत ढेकळांचा थर असतो. ही दोन्ही हवाईची नावे आहेत आणि जगभर तीच वापरतात.

तिसरा, रसायन. आंतरराष्ट्रीय पद्धतीत सिलिका ४५ ते ५२ टक्के आणि सोडा व पोटॅश (सोडियम आणि पोटॅशियमची ऑक्साइडे) मिळून ५ टक्क्यांच्या खाली असेल तर ज्वालामुखी खडकाला बेसॉल्ट म्हणतात. दख्खनचा बहुतेक बेसॉल्ट थोलेइटिक आहे, म्हणजे सोडा-पोटॅश कमी आणि लोह बऱ्यापैकी. अट एवढीच की नमुना ताजा हवा. कुजलेल्या खडकातून सोडा-पोटॅश आधीच निघून गेलेले असतात, आणि तो सिलिका व सोडा-पोटॅशच्या आलेखावर चुकीच्या चौकटीत जाऊन बसतो.

चौथा, थरक्रम. पश्चिम घाटात बेसॉल्टचे तीन उपगट करतात: खालून कळसूबाई, लोणावळा आणि वाई. वाई उपगटात पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर ही शिलासंघांची, म्हणजे एकत्र धरलेल्या प्रवाहांच्या गटांची, नावे येतात. यांतला फरक डोळ्यांनी क्वचितच दिसतो; स्ट्रॉन्शियम, बेरियम अशी अल्प मूलद्रव्ये आणि समस्थानिके पाहून ते वेगळे करतात. शिलारस वर येताना जुन्या कवचाचा अंश त्यात किती मिसळला, हे त्यातून कळते. लोणावळा उपगटातला बुशे सर्वांत जास्त मिसळलेला, अंबेनळी जवळजवळ निर्मळ. हातातल्या तुकड्यावरून ‘हा अंबेनळीचा’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जागा आणि उंची माहीत असेल तर गोष्ट वेगळी.

पायरी ७: जांभ्याचा वर्ग, थोडे गणित

जांभ्याची पहिली वाटणी छेदातून आधीच झाली: प्राथमिक की दुय्यम. दुसरी उंचीवरून करतात. महाबळेश्वर, पाचगणी, कास, माथेरान, पन्हाळा यांच्या माथ्यावरचा उच्चस्तरीय जांभा, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरचा निम्नस्तरीय. उच्चस्तरीय जांभा जुन्या, सलग पठाराचे अवशेष की एके काळच्या दऱ्यांत साचलेल्या लोहाने टिकवून ठेवलेले, आता उलटे होऊन माथ्यावर आलेले पट्टे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. म्हणूनही पायरी १ मधली सीमेची नोंद मोलाची.

तिसरी वाटणी रसायनाची. प्रयोगशाळेतून सिलिका, अॅल्युमिना (अॅल्युमिनियमचे ऑक्साइड), फेरिक ऑक्साइड (लोहाचे) आणि ज्वलनातील घट हे चार आकडे मागवा. घट म्हणजे तापवल्यावर कमी झालेले वजन, मुख्यतः खनिजांत बांधलेले पाणी. ताज्या बेसॉल्टमध्ये ती एक-दोन टक्के असते. जांभ्यात १० च्या पुढे जाते, कारण गोथाइटमध्ये सुमारे १०, केओलिनाइटमध्ये १४ आणि गिब्साइटमध्ये जवळपास ३५ टक्के पाणी असते. हा एकच आकडा अनेक वाद मिटवतो.

जुनी पद्धत १९२७ ची, मार्टिन आणि डॉइन यांची. सिलिका आणि अॅल्युमिनाचे रेणूंच्या हिशेबात गुणोत्तर १.३३ च्या खाली असेल तर लॅटेराइट, १.३३ ते २ दरम्यान लॅटेराइटसदृश, २ च्या वर असेल तर लॅटेराइट नाही. टक्के तसेच भागायचे नाहीत. सिलिकाचे टक्के ६०.१ ने आणि अॅल्युमिनाचे १०२ ने, म्हणजे त्यांच्या रेणुभारांनी, भागून मग गुणोत्तर काढायचे. बेसॉल्टमध्ये सिलिका ४९ आणि अॅल्युमिना १४ टक्के धरले तर ०.८१५ भागिले ०.१३७, म्हणजे सुमारे ५.९. एखाद्या चिऱ्यात सिलिका १८ आणि अॅल्युमिना २५ निघाले तर ०.२९९ भागिले ०.२४५, म्हणजे १.२२, लॅटेराइट. २ हा आकडा उगाच आलेला नाही: शुद्ध केओलिनाइटचे गुणोत्तर नेमके २ असते. त्याखाली गेले म्हणजे माती बनवून उरलेले अॅल्युमिनियम मोकळे झाले.

या पद्धतीची गोची म्हणजे ती लोहाकडे पाहतच नाही. कोकणातला बराचसा जांभा लोहप्रधान आहे, त्याला ती न्याय देत नाही. शेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने सुचवलेली पद्धत जास्त समजूतदार, कारण ती मूळ खडकापासून सुरुवात करते. रीत अशी: मूळ खडकातले सगळे अॅल्युमिना केओलिनाइटमध्ये गेले असे समजा. त्यासाठी अॅल्युमिनाच्या १.१८ पट सिलिका लागते. ही सिलिका, अॅल्युमिना आणि फेरिक ऑक्साइड यांची बेरीज १०० धरून सिलिकाचा वाटा काढा. ती त्या खडकाची सीमा. बेसॉल्टसाठी अॅल्युमिना १४, फेरिक ऑक्साइड १४, लागणारी सिलिका १६.५. बेरीज ४४.५, सिलिकाचा वाटा ३७ टक्के. आता चिऱ्यात सिलिका १८, अॅल्युमिना २५, फेरिक ऑक्साइड ४० असेल तर बेरीज ८३, सिलिकाचा वाटा २२ टक्के. सीमेच्या बराच खाली, म्हणून जांभा. त्याखालच्या मऊ थरात ३५, २० आणि २५ निघाले तर वाटा ४४ टक्के. तो लाल दिसला तरी कुजलेला बेसॉल्टच.

ग्रॅनाइटमध्ये अॅल्युमिना १५ आणि फेरिक ऑक्साइड २ धरले तर हीच सीमा ५१ टक्क्यांवर जाते. म्हणजे ४४ टक्के सिलिकावाटा असलेला एकच आकडा ग्रॅनाइटवर जांभा ठरतो आणि बेसॉल्टवर ठरत नाही. मूळ खडक न सांगता जांभ्याचे विश्लेषण छापणे निरर्थक आहे ते यासाठी. गोव्यात आणि दक्षिण सिंधुदुर्गात जांभ्याखाली बेसॉल्ट नसून फार जुने शिस्ट, फायलाइट, क्वार्ट्‌झाइट यांसारखे खडक येतात, तेव्हा ‘कोकण म्हणजे बेसॉल्टचा जांभा’ ही सवय सावंतवाडीच्या पुढे मोडावी लागते.

शेवटी नाव: लोह जास्त असेल तर लोहप्रधान जांभा, अॅल्युमिना फार वाढले आणि सिलिका अगदी कमी झाली तर बॉक्साइट. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी भागातल्या माथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी आहेत, त्या याच प्रक्रियेच्या पुढच्या टप्प्यावर.

फसवणारे नमुने

दोन लाव्हा प्रवाहांमधला तांबडा पट्टा सर्वांत जास्त फसवतो. जाडी काही सेंटिमीटर ते एक-दोन मीटर, रंग जांभ्यासारखा. पण ती दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तयार झालेली माती किंवा राख असते, वरच्या लाव्ह्याने भाजलेली. तिच्यात सिलिका फारशी गेलेली नसते आणि लोहाचे जाळेही नसते. वर आणि खाली ताजा बेसॉल्ट दिसला की जांभा हे नाव मागे घ्या.

आ प्रवाहाच्या माथ्यावरची लालसर ढेकळे दुसरी. आत फोडली की काळी निघतात. तिसरा मुरूम: रंग तपकिरी, पण बोटांत चुरडल्यावर कोनदार तुकडे हाती येतात आणि ज्वलनातील घट जांभ्याएवढी नसते. चौथा फसवणारा म्हणजे शब्दच. देशावर चिरेबंदी वाड्यातला चिरा बेसॉल्टचा घडीव दगड असतो, रत्नागिरीत चिरा म्हटले की जांभाच. जुन्या कागदपत्रांत नुसता ‘चिरा’ आला तर गाव कुठले ते आधी पाहा.

वय लिहिताना

बेसॉल्टला जन्मतारीख असते, जांभ्याला नसते. लाव्हा गोठला त्या क्षणापासून त्यातल्या पोटॅशियमपासून बनणारा आर्गॉन वायू साचू लागतो आणि घड्याळ सुरू होते, आणि प्रवाहांमधल्या पट्ट्यांत सापडणाऱ्या झिर्कॉन या खनिजावरून युरेनियम-शिसे पद्धतीने तारीख आणखी घट्ट करता येते. जांभा लाखो वर्षे घडत राहतो. त्यातल्या पोटॅशियमयुक्त मँगनीज खनिजांवरून वये काढतात, पण ती त्या खनिजाची, सगळ्या छेदाची नव्हेत. म्हणून वहीत बेसॉल्टसमोर ‘वय’ आणि जांभ्यासमोर ‘घडण्याचा काळ’ असे वेगळे रकाने ठेवा. जांभ्यासमोर ६.६ कोटी लिहिणे म्हणजे मुलाच्या दाखल्यावर बापाची जन्मतारीख टाकणे.

नमुन्याचे कार्ड

बेसॉल्टच्या कार्डावर: जागा, उंची, प्रवाहातले स्थान (तळ, मध्य, माथा), पोत, पोकळीतली खनिजे, घनता, रसायन असल्यास सिलिका आणि सोडा-पोटॅश. जांभ्याच्या कार्डावर: जागा, उंची, छेदातली खोली, खालची सीमा सावकाश की अचानक, मूळ खडक पाहिलेला की गृहीत धरलेला, ताजा कापलेला की उघडा पडलेला, शोषण, ज्वलनातील घट, सिलिकावाटा. ‘गृहीत’ हा शब्द वगळू नका. पुढच्या माणसाला तोच सावध करतो.

जांभ्याचा तुकडा ओला असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला तर माती सुटते आणि खुणेचा रंग निघून जातो. दोन-तीन दिवस सावलीत वाळवा, क्रमांक पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर लिहा आणि तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून पिशवीतही टाका.